डाळिंबातले कीटकनाशकांचे अंश: नमुना हातात आल्यापासून अहवालापर्यंत

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातला भगवा (डाळिंबाचं वाण) असो की नान्नज-कासेगावकडची द्राक्षं, माल युरोपला जायचा तर रेसिड्यूचा, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशांचा, अहवाल लागतो. हा अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेत एम.एस्सी. करून नव्याने रुजू झालेल्यांना सगळ्यात आधी एलसी-एमएस/एमएस (घटक वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) दाखवतात. यंत्र महागडं, म्हणून धाकही त्याचाच. पण चुकीचे आकडे बहुतेक वेळा यंत्राच्या पलीकडे तयार होतात: कापण्याच्या टेबलावर, तराजूपाशी, नाहीतर पिपेटच्या टोकाला. म्हणून या लेखात यंत्राला थोडी कमी जागा दिली आहे.

आधी एक आकडा डोक्यात पक्का करा. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात ०.०१ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. ही मर्यादा लागते. आपल्याकडे एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) सर्वसाधारण मर्यादाही तेवढीच. म्हणजे शंभर किलो डाळिंबात एक मिलिग्रॅम. तुम्ही जे १० ग्रॅम वजन करून घेणार, त्यात फक्त १०० नॅनोग्रॅम. एवढंसं काही टिकवायचं आहे आणि बाहेरून तेवढंच आत येऊ द्यायचं नाही, हे लक्षात ठेवलं की पुढच्या अटी जाचक वाटत नाहीत.

१. काय शोधायचं ते आधी ठरवा

‘सगळी औषधं तपासून द्या’ असं शेतकरी म्हणतो, व्यापारीही म्हणतो. अशी एकच पद्धत अस्तित्वात नाही. क्वेचर्स पद्धतीने (द्रावक आणि क्षार टाकून औषधं काढण्याची झटपट पद्धत) एका झटक्यात काहीशे औषधं निघतात, पण काही महत्त्वाची औषधं तिच्या जाळ्यातून हमखास निसटतात, आणि ती नेमकी आपल्या भागात वापरली जाणारी आहेत.

- मॅन्कोझेब, झायनेब वगैरे डायथायोकार्बामेट: अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये येतच नाहीत. स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ८० अंशांवर तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) मोजतात.
- इथेफॉन: बहार धरताना पानगळीसाठी मारतात. अतिशय ध्रुवीय असल्याने त्याला आम्लयुक्त मिथेनॉलची क्यूपीपीई पद्धत लागते. फोसेटिल आणि ग्लायफोसेटचंही तसंच.
- क्लोरमेक्वाट, म्हणजे द्राक्षातलं सीसीसी: हेही क्यूपीपीईने.
- स्ट्रेप्टोसायक्लिन: तेल्या रोगासाठी फवारतात. हे कीटकनाशक नाही, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसांची प्रतिजैविकं आहेत. पाण्यात काढून, कॅटायन-एक्सचेंज कार्ट्रिजवर धरून, हिलिक कॉलमवर पाहावी लागतात.

यादीत जे नाही ते यंत्राला दिसत नाही, कारण एमआरएम पद्धतीत यंत्र फक्त विचारलेल्या वस्तुमानांकडे बघतं. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाटमुळे अडकली, तेव्हा निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. म्हणून शेतकऱ्याची फवारणीची वही मागा. मात्र तिच्यापुरतंच तपासू नका. शेजारच्या प्लॉटवरून उडून आलेलं किंवा ‘जैविक’ म्हणून विकलेल्या बाटलीतून आलेलं औषध वहीत कधीच नसतं.

केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. तिथल्या फवारणीच्या शिफारशी आणि अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) निर्यातीची यादी शेजारी ठेवून तुमची यादी तपासा.

२. कागद आणि सामान

कागदांचं काम कंटाळवाणं असलं तरी एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) तपासनीस आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे पहिल्यांदा हेच उघडतात:

- नमुना स्वीकृती अर्ज (प्लॉट क्रमांक, वाण, तोडणीची तारीख, सील क्रमांक, नमुना आला तेव्हाचं तापमान)
- प्रत्येक स्टँडर्डचं (तुलनेसाठीच्या शुद्ध औषधाचं) प्रमाणपत्र, शुद्धता आणि मुदतीसह
- स्टँडर्ड तयार केल्याची वही
- तराजू आणि पिपेट यांचं कॅलिब्रेशन
- एसओपीची (लेखी कार्यपद्धतीची) चालू आवृत्ती आणि त्या बॅचची वर्कलिस्ट

सामान: कापण्यासाठी मोठं फूड कटर, ड्राय आइस, उणे २० अंशांचा फ्रीजर, ०.०१ ग्रॅमचा आणि ०.०१ मिलिग्रॅमचा असे दोन तराजू, ५० मि.ली. आणि २ मि.ली.च्या पॉलिप्रॉपिलीन ट्यूब, व्हॉर्टेक्स, ५० मि.ली.च्या ट्यूब बसणारा सेंट्रिफ्यूज, एलसी-एमएस दर्जाचं अ‍ॅसिटोनायट्राइल, मिथेनॉल आणि पाणी, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, मीठ (सोडियम क्लोराइड), दोन सायट्रेट, पीएसए आणि सी-१८ (अर्क स्वच्छ करणाऱ्या पुडी), ०.२ मायक्रॉनचे पीटीएफई फिल्टर.

मॅग्नेशियम सल्फेट सुट्ट्या डब्यातलं असेल तर मफल भट्टीत ५०० अंशांवर पाच तास भाजा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. त्याने प्लास्टिकमधून आलेले थॅलेट जातात आणि ओलावाही जातो. नळाच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचे हात डिस्टिल्ड पाण्याचे आणि मग अ‍ॅसिटोनचे.

आणखी एक गोष्ट एसओपीत सहसा लिहिलेली नसते. प्रयोगशाळेत डासांची अगरबत्ती, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, वाळवीची फवारणी यांतलं काहीही चालणार नाही. यातली बहुतेक पायरेथ्रॉइड असतात, वाळवीच्या औषधात क्लोरपायरीफॉसही असू शकतं, आणि तुम्ही तेच शोधत असता. रात्रपाळीच्या वॉचमनला हे समजावून सांगणं तुमच्याच कामात येतं.

३. नमुना स्वीकारताना

कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) नियमाप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड फळ असेल तर प्रयोगशाळेत किमान २ किलो आणि किमान ५ फळं यायला हवीत. २५ ते २५० ग्रॅमची फळं असतील तर किमान १ किलो आणि किमान १० फळं. भगव्याचं वजन या सीमेच्या दोन्ही बाजूंना असतं, म्हणून दहा फळं आणि दोन किलो अशी दोन्ही अट पाळली की वाद उरत नाही. ‘सॅम्पल म्हणून दोन छान फळं आणलीत’ हा नमुना नव्हे. तो परत पाठवा.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर असतो. सांगोल्याहून दुपारी मोटारसायकलच्या डिकीत आलेल्या नमुन्यात डायक्लोरव्हॉससारखी उडून जाणारी औषधं कमी होतात आणि फळ फुटून रस गळतो. थंड डबा, सील आणि २४ तासांच्या आत पोच, एवढं मागा. गळलेला, कुजलेला नमुना स्वीकारलात तर तसं अर्जावर लिहा आणि ग्राहकाची सही घ्या.

फळ धुऊ नका, कापडाने पुसू नका. माती चिकटली असेल तर हलक्या हाताने झटका.

४. कापणं आणि दळणं

आकड्यांमधला मोठा फरक इथून येतो, म्हणून या पायरीला घाई नाही.

पहिला प्रश्न सालीचा. आपण दाणे खातो म्हणून नवीन माणूस डाळिंब सोलायला बसतो. पण मर्यादा पूर्ण फळासाठी ठरवलेली आहे, सालीसकट. स्पर्शजन्य औषधाचा मोठा वाटा सालीतच असतो, त्यामुळे सोललेल्या दाण्यांचा अहवाल सुंदर आणि खोटा असतो. ग्राहकाने दाण्यांची वेगळी तपासणी मागितली तर ती वेगळा नमुना म्हणून नोंदवा आणि अहवालात ‘फक्त दाणे’ असं ठळक लिहा.

प्रत्येक फळाच्या देठापासून बुडापर्यंत उभ्या चार फोडी करा. नमुना फार मोठा असेल तर प्रत्येक फळाच्या समोरासमोरच्या दोन फोडी घ्या. फोडी उणे २० अंशांवर रात्रभर गोठवा. सकाळी कटरमध्ये ड्राय आइससोबत दळा, अंदाजे दोन भाग फळाला एक भाग ड्राय आइस. गोठलेली साल ठिसूळ होऊन बारीक पूड होते. साध्या तापमानाला दळलं तर सालीचे चामड्यासारखे तुकडे रसात तरंगत राहतात, आणि तुमच्या १० ग्रॅममध्ये कधी साल जास्त येते, कधी रस. एकाच नमुन्याच्या दोन ट्यूबमध्ये ०.००८ आणि ०.०१५ असे आकडे आले तर आधी इथे शंका घ्या, यंत्रावर नंतर. गोठवून दळण्याचा दुसरा फायदा असा की पेशी फुटल्यावर जी विकरं आणि आम्लं औषधं मोडतात, त्यांना वेळ मिळत नाही. कॅप्टान आणि क्लोरोथॅलोनिलसाठी हे फार महत्त्वाचं.

दळलेली पूड झाकण सैल ठेवून फ्रीजरमध्ये ठेवा. घट्ट झाकण लावलंत तर ड्राय आइसचा वायू डबा फोडतो. हे काम हवेशीर खोलीतच करा, कारण कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो. हातमोजे जाड हवेत. सगळा ड्राय आइस उडाल्याशिवाय वजन करू नका, नाहीतर तराजूवरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरत जाईल.

डायथायोकार्बामेटसाठीची फळं यात मिसळू नका. मॅन्कोझेब दळताना रसाच्या संपर्कात मोडतं. त्यासाठी न दळलेल्या फोडींचे तुकडे वेगळे काढून ताबडतोब प्रक्रियेला घ्या.

दोन नमुन्यांमध्ये कटर धुवा, मग अ‍ॅसिटोन फिरवा. संशय असेल तर स्वच्छ नमुना मध्ये दळून तो ब्लँक (औषध नसलेला कोरा नमुना) म्हणून चालवा.

बेदाणे आणि धान्याची गोष्ट वेगळी. बेदाण्यात पाणी नाही आणि साखर भरपूर, म्हणून ५०० ग्रॅम गोठवलेल्या बेदाण्यांत ८५० ग्रॅम थंड पाणी घालून वाटा आणि १३.५ ग्रॅम लगदा घ्या. त्यात बरोबर ५ ग्रॅम बेदाणे असतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी ५ ग्रॅम पीठ आणि १० मि.ली. पाणी, अर्धा तास भिजत. दोन्हीकडे एक मि.ली. अर्कात नमुना अर्धाच ग्रॅम असतो. हिशेबात हे विसरलात तर उत्तर निम्मं येईल.

५. स्टँडर्ड

१० मिलिग्रॅम स्टँडर्ड १० मि.ली.त विरघळवलं की १००० मि.ग्रॅ./लिटरचा मूळ द्राव. शुद्धता ९८.५ टक्के असेल तर तो ९८५ चा आहे, १००० चा नाही. त्यातून १० मि.ग्रॅ./लिटरचं मिश्रण, त्यातून १ मि.ग्रॅ./लिटरचा कामाचा द्राव.

फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडू नका. अ‍ॅसिटोनायट्राइलचं आकारमान दर अंशाला सुमारे ०.१४ टक्के बदलतं. उणे २० वरून २५ अंशांपर्यंत येताना फरक ६ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे थंड द्राव पिपेटने घेतला तर तेवढंच जास्त औषध घेतलंत. शिवाय बाटलीवर जमलेला ओलावा आत जातो. उन्हाळ्यात उलटी अडचण: झाकण उघडं राहिलं की द्रावक उडतो आणि द्राव गुपचूप तीव्र होत जातो. बाटली ठेवताना आणि काढताना वजन लिहून ठेवा. वजन घटलेलं दिसलं तर तो द्राव बाद.

अ‍ॅसिटोनायट्राइल हवेच्या पिपेटमधून थेंब थेंब गळतं. टिप दोन-तीनदा आधी ओली करून घ्या, मग मोजा.

६. एक्स्ट्रॅक्शन

क्वेचर्सचे तीन-चार प्रकार आहेत. इथे युरोपीय मानक १५६६२ चा सायट्रेट प्रकार दिला आहे. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने विकसित केलेली एथिल अ‍ॅसिटेटची पद्धतही (१० ग्रॅम नमुना, १० मि.ली. एथिल अ‍ॅसिटेट, १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट) महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत चालते. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. जी पद्धत व्हॅलिडेट केली तीच चालवा.

१. गोठलेली पूड १० ग्रॅम (±०.१) ५० मि.ली.च्या ट्यूबमध्ये घ्या. ट्यूबच्या तोंडावरचे आटे पुसून घ्या.

२. रिकव्हरीच्या (मुद्दाम टाकलेलं औषध किती परत मिळतं ते पाहण्याच्या) ट्यूबमध्ये १ मि.ग्रॅ./लिटरचा १०० मायक्रोलिटर द्राव टाका. झाले १०० नॅनोग्रॅम, म्हणजेच ०.०१ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. अर्धा तास मुरू द्या. टाकल्या टाकल्या काढलं तर रिकव्हरी छानच येते, आणि तिला काही अर्थ नसतो.

३. सगळ्या ट्यूबमध्ये इंटर्नल स्टँडर्ड (सगळीकडे सारखंच टाकलेलं, तुलनेसाठीचं रसायन) म्हणून ट्रायफिनाइल फॉस्फेट: १० मि.ग्रॅ./लिटरचा १०० मायक्रोलिटर.

४. अ‍ॅसिटोनायट्राइल १० मि.ली. शेकरवर १५ मिनिटं हलवा. नमुना गोठलेला असल्याने एक मिनिट पुरत नाही.

५. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, सोडियम क्लोराइड १ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट सेस्क्विहायड्रेट ०.५ ग्रॅम, असं आधीच मोजून ठेवलेलं मिश्रण एकदम टाका, झाकण लावा आणि लगेच एक मिनिट जोरात हलवा.

६. ४००० आरपीएमवर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचा थर तुमचा.

पाचव्या पायरीत सगळ्यांचा हात अडतो. मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषताना ट्यूब चांगलीच तापते आणि हलवायला उशीर झाला तर तळाशी दगडासारखा गोळा बसतो. त्या गोळ्यात नमुना अडकला की तो बाहेर येत नाही. म्हणून दहा ट्यूबमध्ये मीठ (हे क्षारांचं मिश्रण) टाकून मग हलवायला घेऊ नका. एक टाका, ती हलवा, मग दुसरी. ट्यूब आधी बर्फात ठेवल्या तर उष्णतेने मोडणारी औषधंही वाचतात. आट्यांत मीठ राहिलं तर झाकण बसत नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये गळतं आणि तुमचे १० मि.ली. किती उरले ते कोणालाच सांगता येत नाही.

सायट्रेटमुळे पीएच ५ ते ५.५ च्या आसपास राहतो. डाळिंबाला आणि द्राक्षाला हे पुरतं. कागदी लिंबाचा नमुना आला तर ते पुरत नाही, मीठ टाकताना ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ६०० मायक्रोलिटर घालावे लागतात.

७. क्लीनअप

१ मि.ली. अर्काला १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए. अर्धा मिनिट हलवा, १०,००० आरपीएमवर सेंट्रिफ्यूज. पीएसए आम्लं, साखर आणि लाल रंगाचा बराच भाग धरतं. दाण्यांच्या बियांतलं तेल त्रास देत असेल तर २५ मिलिग्रॅम सी-१८ जोडा.

अर्क अजून रंगीत दिसतो म्हणून ग्राफाइट कार्बन घालण्याचा मोह होतो. घालू नका. तो थायाबेंडाझोल, क्लोरोथॅलोनिलसारखे चपटे रेणू रंगासोबत ओढून घेतो. अर्क रंगीत असणं हा दोष नाही, रिकव्हरी पडणं हा आहे.

पीएसएचा दुसरा स्वभाव: ते २,४-डी सारखी आम्लधर्मी तणनाशकंही धरून ठेवतं. ती तपासायची असतील तर अर्काचा एक भाग क्लीनअपच्या आधीच वेगळा काढा. आणि पीएसएवरून आलेला अर्क अल्कधर्मी झालेला असतो, त्यात कॅप्टान, फोल्पेट तासाभरात घटायला लागतात. वेगळा केल्या केल्या १ मि.ली.मागे ५ टक्के फॉर्मिक आम्लाचे (अ‍ॅसिटोनायट्राइलमधले) १० मायक्रोलिटर टाका.

८. यंत्रावर

०.५ मि.ली. अर्क आणि ०.५ मि.ली. पाणी, फिल्टर, व्हायल. पाणी न घालता निव्वळ अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं तर अ‍ॅसिफेट, मेथामिडोफॉस, ओमेथोएट यांचे लवकर येणारे पीक (आलेखातले उंचवटे) फाटतात.

मोबाइल फेज पाणी आणि मिथेनॉल, दोन्हीत ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट आणि ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल. अमोनियम वगळू नका, अबामेक्टिन त्याच्यासोबतच ८९० वर दिसतं. सुरुवातीला हाताशी असावीत अशी काही ट्रान्झिशन (मूळ आयनाचं वस्तुमान→त्याच्या तुकड्याचं वस्तुमान):

- कार्बेन्डाझिम १९२→१६०, १९२→१३२
- इमिडाक्लोप्रिड २५६→२०९, २५६→१७५
- थायमेथॉक्झाम २९२→२११, २९२→१८१
- अझॉक्सिस्ट्रोबिन ४०४→३७२, ४०४→३४४
- क्लोरपायरीफॉस ३५०→१९८, ३५०→९७

ऊर्जा आणि व्होल्टेज दुसऱ्या यंत्रावरून उचलू नका, स्वतःच्या यंत्रावर ठरवा. पायरेथ्रॉइड आणि एंडोसल्फानसाठी जीसी-एमएस/एमएस लागतं. तिथे सायपरमेथ्रिनचे चार पीक येतात, चौघांची बेरीज करायची. डाळिंबाच्या अर्काने जीसीचा लायनर (नमुना शिरतो ती काचनळी) लवकर घाण होतो. डेल्टामेथ्रिनचा पीक बसायला लागला की लायनर बदलायची वेळ झाली.

डाळिंबाच्या सालीतले टॅनिन आयनीकरण दाबतात, म्हणून नुसत्या द्रावकातला कॅलिब्रेशन कर्व्ह (ज्ञात प्रमाणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) चालत नाही. स्वच्छ डाळिंबाच्या अर्कातच १, २, ५, १०, २५, ५० नॅनोग्रॅम/मि.ली. असा कर्व्ह करा. हे स्वच्छ डाळिंब मिळवणं ही खरी कसरत आहे. ‘सेंद्रिय’ लेबल पुरेसं नाही. आधी चालवून बघा, आणि कोणत्याही औषधाचा अंश अहवाल मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तरच तो ब्लँक माना. चांगला सापडला तर दहा किलो दळून फ्रीजरमध्ये साठवा.

क्रम असा लावा: द्रावक, रिएजंट ब्लँक (फळाशिवाय नुसती रसायनं), मॅट्रिक्स ब्लँक (स्वच्छ फळाचा अर्क), कर्व्ह, रिकव्हरी, नमुने, शेवटी पुन्हा कर्व्हचा एक बिंदू. सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूत ३० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर बॅच पुन्हा. जास्त तीव्र नमुन्यानंतर द्रावक चालवा, नाहीतर पुढच्या निर्दोष शेतकऱ्याच्या नावावर आधीच्याचं औषध चढतं. यूपीएसवर यंत्राबरोबर व्हॅक्यूम पंप आणि फ्रीजरही आहेत ना, हे मे महिन्याच्या आधी तपासा.

९. ‘सापडलं’ कधी म्हणायचं

युरोपच्या सांते मार्गदर्शकाच्या अटी चारही पुऱ्या व्हायला हव्यात: धारण वेळ (पीक बाहेर येण्याची वेळ) स्टँडर्डच्या ±०.१ मिनिटात, दोन्ही ट्रान्झिशनचे पीक एकमेकांवर बसणारे, दोन्हींचं सिग्नल-नॉइज किमान ३, आणि त्यांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या ±३० टक्क्यांत. स्टँडर्डमध्ये गुणोत्तर ०.६० असेल तर नमुन्यात ०.४२ ते ०.७८ चालेल. ०.९५ आलं तर दुसरं काहीतरी त्याच वेळी बाहेर येतंय. तिसरी ट्रान्झिशन बघा, ग्रेडियंट लांबवा. सॉफ्टवेअरने हिरवी खूण केली म्हणून सही करू नका, प्रत्येक पीकचं इंटिग्रेशन डोळ्यांनी बघा.

१०. हिशेब

१० ग्रॅम नमुना १० मि.ली.त, म्हणजे १ ग्रॅम/मि.ली. पाणी घालून निम्मं केलं, ०.५ ग्रॅम/मि.ली. यंत्राने ६ नॅनोग्रॅम/मि.ली. दाखवले तर ६ ÷ ०.५ = १२ नॅनोग्रॅम/ग्रॅम, म्हणजे ०.०१२ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. कर्व्हचे बिंदूही तुम्ही अर्क आणि पाणी मिसळूनच केले असतील तर भागायचं की नाही हे एकदाच ठरवा आणि एसओपीत लिहा. दोनदा भागणं किंवा अजिबात न भागणं, दोन्ही नेहमी घडतं.

काही औषधांत अवशेषाची व्याख्या मूळ रेणूपुरती नसते. फिप्रोनिलसोबत त्याचा सल्फोनही मोजून बेरीज करावी लागते. सल्फोनचा आकडा रेणुभाराच्या प्रमाणात, म्हणजे ०.९६५ ने, गुणून. फिप्रोनिल ०.००५ आणि सल्फोन ०.००६ असेल तर एकूण ०.००५ + ०.००५८ = ०.०१०८. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ०.०१ च्या खाली, बेरीज मात्र वर.

रिकव्हरी ७० ते १२० टक्के आणि आरएसडी (आकड्यांमधली तफावत) २० टक्क्यांच्या आत, अशा किमान पाच आवृत्त्या ज्या सगळ्यात खालच्या पातळीला जमल्या, ती तुमची एलओक्यू (खात्रीने मोजता येणारी सगळ्यात कमी पातळी). नुसत्या सिग्नल-नॉइजवरून एलओक्यू सांगू नका. रोजच्या बॅचमधली एकेकटी रिकव्हरी ६० ते १४० टक्क्यांत असली तर चालते.

०.०१२ आला, मर्यादा ०.०१, मोजमापाची अनिश्चितता ५० टक्के. युरोपातला सरकारी तपासनीस अनिश्चितता वजा करून (०.००६) हा माल कदाचित अडवणार नाही. त्या वजाबाकीच्या भरवशावर तुम्ही इथून ‘पास’ लिहू नका. ती सवलत माल अडवणाऱ्याला सावधगिरीसाठी दिलेली आहे, पाठवणाऱ्याला नाही. आकडा आणि अनिश्चितता दोन्ही लिहा, दुसरा भाग दळलेल्या पुडीतून पुन्हा काढून खात्री करा.

११. अहवाल आणि उरलेलं

‘आढळले नाही’ असं मोघम लिहू नका. ‘एलओक्यू ०.०१ पेक्षा कमी’ लिहा, आणि तपासलेल्या औषधांची पूर्ण यादी जोडा. इथेफॉन, डायथायोकार्बामेट, स्ट्रेप्टोमायसिन तपासलेलं नसेल तर तेही स्पष्ट लिहा. ग्राहक फोन करून ‘०.०१२ चं ०.००९ होईल का’ विचारणार, विशेषतः कंटेनर लागलेला असताना. त्याला पुन्हा नमुना देण्याचा अधिकार आहे, आकडा बदलण्याचा नाही. फोनची नोंद वहीत करा.

दळलेल्या पुडीचा उरलेला भाग सीलबंद, नावासकट, उणे २० अंशांवर तुमच्या धोरणात लिहिलेल्या मुदतीपर्यंत ठेवा. टाकाऊ अ‍ॅसिटोनायट्राइल नाल्यात नाही, झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये. क्लोरीनयुक्त द्रावकांचा कॅन वेगळा, आणि दोन्हींवर भरायला सुरुवात केल्याची तारीख.